मिठाला गेलो तेव्हा

समुद्र मी जन्मात एकदाच पाहिला, आणि तोही डोळे मिटत असताना. कोणी विचारलं, कसा दिसतो, तर मी सांगते, मोठा असतो. याहून जास्त मला सांगता येत नाही, कारण तिथवर पोचेपर्यंत माझी मान, कंबर आणि टाचा एवढंच काय ते जागं होतं. हल्ली जव्हारची शिकलेली मंडळी सूर्या नदीच्या दरीतून हौसेने फिरायला जातात आणि परत येऊन झाडांचं कौतुक सांगतात. सांगोत बापडी. डोक्यावर ओझं असलेल्या माणसाला झाडं दिसत नाहीत, पुढच्याच्या टाचा दिसतात. माझ्यापुढे सबंध वाटभर माझ्या नणंदेच्या टाचा होत्या, आणि त्या फार घाईत होत्या.

माझं माहेर जव्हारात. वडील शाळेत शिपाई होते म्हणून मला अक्षरं आली, नाहीतर आमच्यात मुलीच्या हातात पाटी कोण देतंय. लग्न होऊन मी मोखाड्याच्या वाटेवरच्या एका पाड्यात आले. तिथे अक्षरांचं कोणाला काही पडलं नव्हतं. नागली पेरायची, भात लावायचं, आणि उन्हाळ्यात मिठाला जायचं.

मिठाला जाणं म्हणजे काय ते सांगते. पावसाळ्यात आमच्या पाड्याभोवतीचे ओहोळ आणि नद्या फुगल्या की बाजार बंद, येणंजाणं बंद. त्या चार महिन्यांचं मीठ घरात आधीच आणून ठेवावं लागे, आणि ते बाजारातून विकत घ्यायला रोख पैसा कोणाकडे नसे. मग घराघरातून माणसं निघत. घरी विणलेल्या टोपल्या, सुपं, उडीद, डिंक असं काय असेल ते डोक्यावर घ्यायचं, घाट उतरून दरीतून खाली जायचं, डहाणूकडच्या खाडीवर मिठागरं आहेत तिथे ते द्यायचं, त्याच्या बदल्यात मीठ भरून घ्यायचं आणि परत चढायचं. जातानाचं ओझं जड, येतानाचं त्याहून जड. यात हौस कुठे बसते ते मला अजून कळलेलं नाही.

त्या वर्षी माझ्या नवऱ्याला जव्हार दरबारच्या शिकारीत हाके घालून जनावरं उठवायला वेठीवर नेलं होतं. म्हणून आमच्या घरातून सासरे, नणंद आणि मी अशी तिघं निघालो. बरोबर पाड्यातली इतर घरं होती, आणि त्यांत आमची एक शेजारीण होती जी उतारावरही बोलायची आणि चढावरही बोलायची. ओझ्याने इतरांचा दम जाई, हिचं तोंड सुटे.

सासरे म्हणजे पाड्याचे वडीलधारे. मिठाची वाट तेच दाखवायचे. उंच, हाडकुळे, शब्द जपून वापरणारे. सासू जाऊन बरीच वर्षं झाली होती. नणंद माझ्याहून मोठी. तिचा नवरा तापाने गेला आणि ती बापाकडे परत आली, तेव्हापासून शेताचं अर्धं काम तिच्या अंगावर. माझा नवरा वर्षातला निम्मा काळ वेठीवर नाहीतर लाकडं तोडायला जंगलात. त्यामुळे औत धरायची ती, मोळी आणायची ती, बापाला हाताला धरून ओहोळ ओलांडून द्यायची तीही तीच. सासरे तिच्याशी गोड बोलत असं मी कधी ऐकलं नाही, पण जेवायला बसले की आधी तिचं पान पाहत.

खोडाळ्याच्या बाजारात तिला एका माणसाने पाहिलं होतं. बायको मेलेली, पदरात पोरं, जमीन बरी. त्याने निरोप धाडला की वैशाखी पुनवेला मी तुमच्या पाड्यावर येतो. आमच्याकडे विधवेला पाट लावायचा की नाही हे कोणी तोंडावर विचारत नाही, आणि तीही तोंडावर नकार देत नाही. माणूस ठरल्या दिवशी येतो. ती उंबऱ्यात बसलेली दिसली की होकार. उंबरा रिकामा दिसला की तो पाणी पितो, पाऊसपाण्याचं बोलतो आणि उठून जातो. कोणाचा अपमान नाही, आणि पुन्हा विषयही नाही. पुनवेला नणंद उंबऱ्यात हवी, एवढीच गोष्ट होती. तिला तिथे बसायचं होतं. मला तिने तसं सांगितलं होतं, लाजत नाही, चांगलं डोळ्याला डोळा देऊन.

निरोप आला तेव्हा सासऱ्यांनी तो नुसता ऐकून घेतला. मग एका सकाळी त्यांनी पाड्यात सांगितलं, "मिठाला जाव." आम्ही दरवर्षी त्यामानाने उशिरा जायचो, यंदा एवढ्यात कसं, असं शेजारणीने विचारलंही. नणंद मात्र बापासमोर जाऊन उभी राहिली.

"बा, पुनवेच्या आत परत येव ना?"

"वाट जशी नेल तसा," सासरे म्हणाले आणि दोरी वळत राहिले.

घाट उतरलो तोवर सगळं ठीक होतं. खाली सूर्येची दरी लागली आणि सासऱ्यांचं सुरू झालं. आधी त्यांच्या ओझ्याची दोरी ढिली झाली. ती त्यांनी सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. मग त्यांना काठी हवी झाली. दरीत कळकांची बेटंच्या बेटं उभी, पण त्यांना एकही काठी सरळ वाटेना. मग उंबराखाली देवाचा दगड आला, तिथे बसले. मग एका कपारीत मधाचं पोळं दिसलं, ते उतरवायचं की नाही याचा विचार करत बसले, आणि उतरवलं नाहीच. दरीत ऐन, साग उघडेबोडके झाले होते. वाटेवरचा पाचोळा पायाखाली इतका वाजे की मागचं बोलणं पुढे ऐकू येत नसे. शेजारणीला त्याचं काही नव्हतं. ती या दरीत वाघाने कोणाकोणाला नेलं ते सांगत होती.

"बा, चल ना. ऊन वर आला," नणंद म्हणायची.

"येतो गो," सासरे म्हणायचे, आणि बसलेलेच असायचे.

मला दोघांचाही राग येत होता. ती पुढून ओढायची, ते मागून ओढायचे, आणि मधे मी, डोक्यावर उडदाचं ओझं. माझी मान तर खांद्यात घुसली होती. एकदा मी म्हटलंही, "मामा, बसायचं तर सगळेच बसू, नाहीतर सगळेच चालू." त्यावर ते म्हणाले, "तू चाल, तुला कोनी धरला." मी चालले.

दुपारी नदीच्या कोरड्या पात्रात उतरायचं, हा आमचा डोंगरातला रिवाज. उन्हाळ्यात पात्राच्या कडेला, वरच्या झाडांच्या सावलीत, वाळू गार असते. वाळूत हातभर खणलं की प्यायला पाणी लागतं. ओझी पात्रात ठेवायची, आपण काठाला टेकून पडायचं. आमची नदी वैशाखात कोणाचं काही करत नाही, ती स्वतःच झोपलेली असते. अशाच एका दुपारी नणंद माझ्याशेजारी पडली होती. बाकीचे घोरत होते.

"वयनी," ती म्हणाली, "बाला माला जाऊ द्यायचं नाय."

"असं कसं म्हणता बाय."

"मी काय आंधळी हाये? बाच्या दोरीला रोज गाठ सुटते? पुनव निघून गेली की झालं. ना बाला नाय म्हनायला लागलं, ना माला."

मलाही तसंच वाटत होतं. ती गेली तर औत कोण धरणार हा प्रश्न माझ्यापुढेही होता, कारण उत्तर मीच होते. तरीही ती जावी असं मला मनापासून वाटत होतं. चांगल्या बाईला पुन्हा संसार मिळतोय, मिळू दे. मी तिला म्हटलं, "येताना आपण दोघी पुढे निघू." ती म्हणाली, "मीठ घेऊन बाला मागं कशी टाकू." एवढं बोलून उठून बसली आणि पायातले करवंदीचे काटे शोधू लागली.

संध्याकाळी चंद्र दिसे तो रोज जरा भरलेला असे. नणंद त्याच्याकडे पाहायची आणि मान खाली घालून चुलीला फुंकर घालायची.

शेवटी एकदाची दरी संपली. झाडं विरळ झाली, ताडांची रांग दिसू लागली, रेल्वेचे रूळ ओलांडले आणि वाऱ्याला वेगळाच वास आला. पुढे पांढरी मिठागरं, त्यापलीकडे खाडी, आणि त्याहीपलीकडे तो, मोठा. शेजारीण पहिल्यांदाच गप्प बसली. मी ओझं उतरवलं, समुद्राकडे एकदा पाहिलं आणि ओझ्यालाच टेकून बसले.

मिठागरवाल्याने आमचा माल उलटासुलटा करून पाहिला, टोपल्या ओढून पाहिल्या, डिंकाचा खडा दातात धरला. सासरे सौदा करायला पक्के. या बाबतीत त्यांना थांबायचं नव्हतं, एवढं मी पाहिलं. पळसाची पानं लावलेल्या आमच्या टोपल्या काठोकाठ भरल्या. जाड, करडं, ओलसर मीठ. एक खडा मी तोंडात टाकला. वाटेत भाकरीबरोबर मीठ नसल्यासारखंच होतं, त्यामुळे तो खडा मला कुठल्याही गोडाधोडापेक्षा चांगला लागला.

लगेच निघालो. पुनव अजून हातात होती. नीट चाललो असतो तर वेळेत घरी पोचलो असतो, हे नणंदेने मनात पक्कं केलं होतं. ती पुढे झाली. पण ऊन असं होतं की पाय उचलेना. थोडं गेल्यावर खाडीचा एक फाटा लागला. रुंद पात्र, तळाशी घट्ट वाळू, पाण्याचा टिपूस नाही, काठाला तिवरांची दाट सावली. आम्हा डोंगरातल्या माणसांना तो ओळखीचा वाटला. आमच्याच नदीसारखा. सासरे म्हणाले, "इथं टेकू."

"आताच तं निघालो, बा!" नणंद म्हणाली.

"टेकू," सासरे म्हणाले आणि ओझं पात्रात ठेवून काठाला आडवे झाले. एकेकाने आपापली टोपली त्यांच्या टोपलीशेजारी मांडली. मीही मांडली. भरती आणि ओहोटी हे दोन शब्द मी शाळेच्या ओसरीत बसून घोकलेले होते, पण ते पुस्तकातल्या समुद्राला होतं, या वाळूला कुठे. नणंद उभीच राहिली होती. मग तीही बसली, आणि बसली ती झोपली. आम्ही सगळेच मेल्यासारखे झोपलो.

मला जाग आली ती पाय ओले झाल्याने. पाहते तर पात्रात पाणी, आणि ते पाणी उलटं चाललेलं. खालून वर. नदी आपल्या उगमाकडे चालली होती. आवाज नाही, लोंढा नाही, मुकाट्याने येत होतं. क्षणभर मला वाटलं माझं डोकं फिरलं. मग मी ओरडले. सगळे उठले, पाण्यात घुसले. टोपल्या कुठे कलंडलेल्या, कुठे बुडालेल्या. मी माझी ओढून वर काढली. एवढ्या वाटेत पहिल्यांदाच माझं ओझं हलकं लागलं. आत चिखल, पळसाची पानं आणि तळाशी थोडं गिळगिळीत मीठ. बाकी सगळं जिथून आलं होतं तिथे परत गेलं होतं.

सगळ्या पाड्याचं पावसाळ्याचं मीठ होतं ते. शेजारीण डोक्याला हात लावून बसली. सासरे पाण्यात गुडघाभर उभे, हातात रिकामी टोपली. आणि मग नणंद बोलली, इतक्या वर्षांत बोलली नव्हती तेवढं बोलली.

"झालं मनासारखं? दोरीनं नाय जमलं, काठीनं नाय जमलं, आता मीठच बुडवलंस! आता कशी जाव घरी? माला ठेवायची व्हती तं तोंडानं सांगायचं, बा. समद्या पाड्याला अळणी कशाला खाऊ घालतोस?"

सगळ्यांसमोर. बापाला. मी तिचा हात धरला, तिने झिडकारला. मला वाटलं आता सासरे तिच्या अंगावर धावून जातील. पण त्यांचे ओठ एकदा हलले. मग त्यांनी टोपली पालथी करून पाणी झटकलं, काठावर आले आणि कोणाकडे न पाहता मिठागराच्या दिशेने चालू लागले.

परत आले तेव्हा सगळं ठरवून आले होते. मिठागरात माणूस हवा होता. तिथे राबायचं आणि मजुरी मिठात घ्यायची. कोणीतरी मागे राहायला हवं होतं, आणि सगळे नणंदेकडे पाहत होते, हे मी विसरणार नाही. तिला घरी लेकरू नाही, अंगात ताकद आहे, बाकीच्यांची घरं अडली आहेत. तिलाही ते कळलं. तिने पदर खोचला.

"तू नाय," सासरे म्हणाले. "मी ऱ्हातो. पोरगा वेठीवरनं सुटला की गडी घेऊन मीठ न्यायला धाडा." मग तिला, खाली बघून, "तू चालू लाग. लवकर चाल."

मला वाटलं ती बापाला काही म्हणेल. ती म्हणाली, "वयनी, चल." आणि निघाली. मी सासऱ्यांच्या पाया पडले. त्यांनी माझ्याकडची उरलेली भाकरी घेतली नाही.

येताना दरी कशी होती ते विचारू नका. रिकाम्या डोक्यांनी चाललो तरी आम्ही जाताना होतो त्याहून जास्त दमलेले होतो. घाट चढताना शेजारणीलाही वाघ आठवले नाहीत. पुनवेच्या सकाळी पाड्यात पोचलो. नणंदेने हातपाय धुतले, केस विंचरले आणि उंबऱ्यात जाऊन बसली. बसल्या बसल्या तिला डुलकी लागत होती. तो माणूस दुपारी आला, आणि ती तिथे होती.

पाट लगेच लागला, पाऊस यायच्या आत हवा होता म्हणून. जेवण मी आणि शेजारणीने केलं. तांदूळ होता, तूर होती, मीठ नव्हतं. घरोघरी फिरले. प्रत्येकीने मडकं तिरकं करून तळ दाखवला. भात अळणी, वरण अळणी. पंगत बसली. पाहुण्यांतल्या म्हाताऱ्याने पहिला घास घेतला, थांबला, आणि मग जेवत राहिला. त्याचं पाहून सगळे जेवले. मीठ कोणीही मागितलं नाही. नणंदेने पान पुढे ओढलं आणि तशीच बसून राहिली. बाप कुठे आहे असं नव्या नवऱ्याने विचारलं तेव्हा मी सांगितलं, मिठाला गेलेत.

माझा नवरा सुटून आला, गडी घेऊन खाली गेला आणि पेरणीच्या तोंडावर मीठ आणि सासरे दोन्ही आले. सासऱ्यांची पावलं खाऱ्या पाण्याने फाटून रक्ताळली होती, आणि ते काठीशिवाय उभे राहीनात. नणंदेच्या वाट्याचं मीठ त्यांनी सगळ्यांच्या आधी मोजून बाजूला काढलं आणि तिच्या घरी पोचतं केलं. तिकडून निरोप नाही, काही नाही. सबंध पावसाळा ती आली नाही. त्या वर्षी औत मी धरलं. धरलं म्हणजे बैलांनी मला ओढलं.

भात कापून झाल्यावर ती पहिल्यांदा माहेरी आली. अंगाने भरली होती, बरोबर सवतीचं धाकटं पोर, कडेला चिकटलेलं. सासरे अंगणात मेढीला टेकून बसले होते. ती त्यांच्यापासून जरा लांब बसली. मी आत भात कांडत होते, पण सगळं ऐकू येत होतं. बराच वेळ पोराशीच बोलत राहिली. मग म्हणाली,

"बा, एक विचारू? त्या दुपारी तू मुद्दाम निजलास का?"

माझं मुसळ थांबलं.

"वाटंला मी उशीर केला," सासरे म्हणाले. "दोरी, काठी, मध, समदं मुद्दाम केलं. तू गेलीस तं माझं कसं व्हनार, हाच घोर व्हता. पन त्या दुपारी नाय गो. त्या दुपारी मी दमलो व्हतो. पाय उचलत नव्हता. लय दिस झाले, माझ्यात आता काय ऱ्हायलं नाय."

नणंद रडू लागली. रडता रडताच त्यांना रागावली. "मंग तवाच सांगायचं ना! मी तुला समद्यांसमोर एवढी बोलले. नुसतं दमलो म्हनला असतास, तरी मी ऱ्हायले असते."

"म्हनून तं नाय सांगितलं," सासरे म्हणाले.